जात चोरणारा आणि जात विचारणारा

(मालगुंड येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



आधी एक खुलासा करतो. आम्ही स्वतःचा उल्लेख ‘आम्ही’ असा करतो. जुन्या मास्तरांची खोड आहे ती. घरी नातवंडं हसतात, “आजोबा, तुम्ही एकूण कितीजण आहात?” म्हणून विचारतात. एरवी ही खोड निरुपद्रवी असते. आज ती थोडी अडचणीची ठरणार आहे, ते पुढं येईलच.

पत्रिकेत विषय भारदस्त छापलाय. आमच्या मनात मात्र त्याहून लहान गोष्ट आहे. आपली ओळख झाकून दुसऱ्यांत मिसळून राहणाऱ्या माणसाची कथा वर्गात शिकवायची म्हणजे काय करायचं, एवढंच. एक कथा, एक वर्ग आणि आमच्या हातून झालेली एक चूक.

पण मालगुंडात उभं राहून दुसऱ्या कुणापासून सुरुवात करणं बरं दिसणार नाही. मधु मंगेश कर्णिकांच्या पुढाकारानं १९९४ मध्ये इथं स्मारक झालं, जन्मघर जपलं गेलं, आधुनिक कवींचं दालन उभं राहिलं. कृष्णाजी केशव दामले हे नाव आज किती जणांना चटकन आठवतं? आपण म्हणतो केशवसुत. केशवाचा मुलगा. म्हणजे बापाचं नाव ठेवलं, आडनाव टाकलं. पुढं गडकऱ्यांनी गोविंदाग्रज व्हायचं ठरवलं, शिरवाडकरांनी कुसुमाग्रज, नारायण मुरलीधर गुप्ते तर नुसते ‘बी’ झाले. मराठी कवितेत आडनाव उतरवून ठेवण्याची केवढी मोठी परंपरा आहे पाहा! यांतल्या कुणालाही “आडनाव का लपवलंत?” असं दरडावून विचारल्याचं आमच्या ऐकिवात नाही. त्यांचं टोपणनाव झालं, अलंकार झाला.

आता १९६३ सालाकडे या. बाबुराव बागुल यांचा कथासंग्रह आला, त्याचं नाव ‘जेव्हा मी जात चोरली होती’. इथंही एक माणूस आपली ओळख सांगत नाही. पण इथं शब्द कोणता आला? चोरली.

हा शब्द आम्हाला पुष्कळ वर्षं नीट दिसला नव्हता, म्हणून त्यावर जरा थांबू या.

इंग्रजीत या प्रकाराला ‘पासिंग’ म्हणतात. आमच्या विद्यार्थ्यांना पासिंग म्हटलं की पस्तीस मार्क आठवतात, आणि त्यांच्या वडिलांना आरटीओ. गाडीचं पासिंग कुठलं? एमएच ०८ म्हणजे रत्नागिरीचं. अमेरिकेतल्या कथा-कादंबऱ्यांत पासिंग म्हणजे कातडीचा रंग उजळ असलेल्या काळ्या माणसानं गोरा म्हणून वावरणं. शब्दात ओलांडून जाण्याचा भाव आहे. रेषा आहे, ती कुणी पार केली.

मराठीत ‘चोरणे’ या क्रियापदाचे दोन संसार आहेत. एक, दुसऱ्याची वस्तू पळवणं. दुसरा, स्वतःचंच काही आत ओढून घेणं. आपण अंग चोरतो, नजर चोरतो, आवाज चोरतो. गर्दीच्या एसटीत अंग चोरून बसलेली बाई कुणाचं काही पळवत नसते. आपण जेवढी जागा व्यापायला हवी तेवढीही ती व्यापत नाही. ‘फँड्री’ तुम्ही पाहिला असेल. नागराज मंजुळेंचा तो जब्या, घरचे लोक शाळेजवळ डुकरं पकडत असताना वर्गातल्या मुलांना दिसू नये म्हणून कसा दडतो, ते आठवा. ते अंग चोरणं आहे. ‘जात चोरणे’ या शब्दप्रयोगात हे दोन्ही अर्थ एकमेकांत अडकलेत. सांगणारा म्हणतो, मी आकसून घेतलं. ऐकणारा ऐकतो, यानं चोरी केली. आणि बागुलांनी तो शब्द नायकाच्याच तोंडी घातला, प्रथमपुरुषी. फिर्यादीची भाषा आरोपी बोलतोय. जेरी पिंटो यांनी २०१८ मध्ये या संग्रहाचं इंग्रजी भाषांतर केलं, त्यात शीर्षकात ‘लपवली’ अशा अर्थाचं क्रियापद आलंय. दुसरं काही करणं त्यांना अवघडच होतं. पण लपवण्यात गुन्हा नाही, चोरण्यात आहे, आणि कथेचा सगळा पीळ त्या गुन्ह्यात आहे.

कथा थोडक्यात अशी. मुंबईचा शिकलेला, कविवृत्तीचा तरुण रेल्वेतल्या नोकरीसाठी गुजरातेत सुरतेजवळ उधन्याला जातो. नवा देश, नवी घटना, नोकरी, अंगात उत्साह मावत नाही. राहायला खोली पाहिजे. खोलीचा विषय निघतो तसा जातीचा प्रश्न येतो. तो उत्तर देतो ते असं, की मी मुंबईकर. पुढं भलं मोठं, अलंकारिक बोलणं. समोरचा दिपून जातो. खोली मिळते, मान मिळतो, रामचरण तिवारी हा सहकारी तर त्याच्या विद्वत्तेवर भाळतो. तिथंच काशीनाथ नावाचा दुसरा दलित तरुण आहे, तो काही झाकत नाही, अपमान झाला की चाकूला हात घालतो. पुढं व्हायचं ते होतं. जात उघड होते, ज्यांनी मान दिला तेच मारतात, काशीनाथ सोडवतो.

बागुल नाशिकजवळच्या विहितगावचे. त्यांनी स्वतः रेल्वेत नोकरी केली होती, सुरतेला खोलीसाठी जात झाकून राहण्याची वेळ त्यांच्यावरही आली होती. पण ही माहिती आम्ही वर्गात आधी सांगू नये असं मानतो. ती सांगितली की मुलं कथा वाचायचं सोडून पंचनामा वाचू लागतात.

आता आमच्या वर्गाची गोष्ट.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मराठवाड्यात नामांतराचा वाद धुमसत होता. आम्ही एका जिल्ह्याच्या गावी तत्त्वज्ञान शिकवत होतो; दुसऱ्या वर्षाला नीतिशास्त्राचा पेपर. कांट चालू होता. कांटचा १७९७ सालचा एक छोटा, कुप्रसिद्ध निबंध आहे. खुनी दारात येऊन विचारतो, तुमचा मित्र आत आहे का? मित्र आत लपलेला आहे. खोटं बोलावं का? कांट म्हणतो, नाही. खुन्याशीसुद्धा खोटं बोलण्याचा अधिकार तुम्हाला नाही. मुलांना हे कधीच पटत नाही आणि का पटत नाही ते सांगताही येत नाही, त्यामुळं तास रंगतो.

आम्हाला वाटलं, आपण काही तरी नवीन करू. दारातल्या खुन्याऐवजी दारातला खोलीवाला. मराठी विभागाकडून बागुलांचं पुस्तक आणलं, कथा वाचून दाखवली आणि फळ्यावर लिहिलं: ‘नायकाचं वागणं नैतिकदृष्ट्या समर्थनीय आहे का?’ हात वर करून मत घेतलं. साठेक मुलं. काही ‘हो’, काही ‘नाही’. आम्ही आमच्या हुशारीवर खूश.

एका मुलानं कुठल्याच वेळी हात वर केला नाही. शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचा, आडनाव ‘कर’ लागणारं. आम्ही त्याला उठवलं. तुझं मत? तो म्हणाला, “सर, त्यांनी विचारलंच नसतं तर तो काही बोललाच नसता.”

मंडळी, त्या तासातलं ते एकमेव तत्त्वज्ञान होतं. आम्ही काय केलं? आम्ही हसून म्हणालो, “अरे वा, स्वानुभव दिसतोय!”

वर्ग हसला. तसं वाईट कुणी हसलं नाही, मास्तर विनोद करतात तेव्हा हसायचं असतं तसं हसला. मुलगा म्हणाला, “नाही सर. वाचलंय कुठंतरी.” आणि खाली बसला.

पंधरा-वीस दिवसांनी भारत सरकारच्या शिष्यवृत्तीचे अर्ज सहीला आले. त्यात त्याचा अर्ज होता. म्हणजे ज्या तासाला आम्ही जात चोरण्याची कथा शिकवत होतो, त्याच तासाला, साठ जणांसमोर, आम्ही एकाला ती चोरायला लावली. सरळ जात विचारली असती तर निदान आमच्या तोंडाला तो शब्द लागला असता. आम्ही ‘स्वानुभव’ म्हणालो. सुसंस्कृत माणसाला शोभेल असा शब्द.

सत्र परीक्षेत आम्ही त्या कथेवर प्रश्न काढला होता, त्याला पर्याय होता. त्यानं पर्याय सोडवला.

यावर आम्ही नंतर बराच विचार केला, आणि जे हाती लागलं ते कथेबद्दलच लागलं. म्हणून ही गोष्ट इथं सांगतोय, पश्चात्तापाच्या प्रदर्शनासाठी नव्हे. कांटच्या उदाहरणात तिघं आहेत: खुनी, मित्र आणि ज्याला विचारलं जातं तो. बागुलांच्या कथेत दोघंच. ज्याला विचारायचं आणि ज्याला शोधायचं, तो एकच माणूस. दारात उभा राहून तो स्वतःलाच आत लपवतोय. त्यामुळं ‘खोटं बोलणं योग्य की अयोग्य’ हा प्रश्न इथं लावणं म्हणजे विहिरीत पडलेल्या माणसाला पोहण्याची शैली विचारणं. आम्ही उदाहरण बदललं आणि प्रश्न जुनाच ठेवला. प्रश्न ठेवताना आम्ही हेही पाहिलं नाही, की तो विचारून आम्ही दाराबाहेरच्याच माणसाशेजारी जाऊन उभे राहिलोय.

दुसरं असं की नायक खोटं बोललेलाच नाही. ‘मुंबईकर’ हे शंभर टक्के खरं उत्तर आहे, फक्त विचारलेल्या प्रश्नाचं नाही. इथं आम्हाला कांटच्या चरित्रातला एक प्रसंग आठवला. धर्मावरच्या लेखनाबद्दल प्रशियाच्या राजानं १७९४ मध्ये त्याला तंबी दिली. कांटनं लिहून दिलं, की महाराजांचा अत्यंत निष्ठावान प्रजाजन म्हणून मी यापुढं धर्मावर जाहीर बोलणार नाही. १७९७ मध्ये ते महाराज वारले. १७९८ मध्ये कांट पुन्हा धर्मावर लिहिता झाला आणि खुलासा केला, की ‘महाराजांचा प्रजाजन’ हे शब्द मुद्दामच घातले होते, म्हणजे वचन त्या राजापुरतंच. आता सांगा, हा कांटचा ‘मुंबईकर’ नव्हे काय? ज्याला आम्ही सरकारी वकील म्हणून वर्गात आणलं, तो स्वतः सत्तेपुढं नेमकं तेच करत होता. कांटच्या वाक्याला पुस्तकांतून चातुर्य म्हणतात.

तिसरं, शैलीबद्दल. बागुलांची या कथेतली भाषा आम्हाला पूर्वी भडक वाटायची. उपमांवर उपमा, साधं वाक्य म्हणून नाही. आम्ही तसं वर्गात बोललोही होतो. आता आमचं मत बदललंय. तो नायक सजवून का बोलतो? कारण ती सजावट हाच त्याचा कोट आहे. साधं बोललं तर पुढचा प्रश्न येईल. समोरच्याला दिपवत ठेवलं तर तो एक दिवस पुढं ढकलता येतो. कथेच्या सुरुवातीचा तो उत्साह आणि जातीच्या प्रश्नाला दिलेलं ते उत्तर, दोन्हींची भाषा एकच आहे. आनंदाची भाषा झाकण्याच्या कामी लागलीय. हा बागुलांचा दोष मानणाऱ्या समीक्षकानं आपल्याला कधी पुढच्या प्रश्नाची धास्ती होती का, ते स्वतःला विचारावं.

एक तक्रार मात्र आहे आमची. शेवटी मार खाल्लेला नायक जे म्हणतो, त्याचं बोट मारणाऱ्या माणसांच्या पलीकडं, मनूकडं जातं. कथेत ते भव्य वाटतं. वर्गात त्याचं फार सोयीचं होतं. मुलं लगेच लिहून घेतात: दोष व्यवस्थेचा. मनू काही हजेरीपटावर नसतो. काशीनाथचंही तसंच. वर्गाला काशीनाथ फार आवडतो, स्वाभिमानी म्हणून. मग नायक दुबळा ठरतो, लाजणारा. ज्यांना कधी खोली नाकारली गेली नाही ती मुलं काशीनाथला पैकीच्या पैकी मार्क देतात. दुसऱ्यानं चाकू काढावा ही अपेक्षा करायला आपलं काय जातं?

हीच खोली डॉक्टर आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत आहे. हा मजकूर त्यांच्या पश्चात, १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेत शिकून परतलेला तरुण बडोद्याला गायकवाडांच्या नोकरीत रुजू होतो आणि त्याला राहायला जागा नाही. पारशी धर्मशाळेत जातो. रखवालदाराला कळतं की हा पारशी नाही. पण धर्मशाळा रिकामी आहे आणि रोजचा दीड रुपया येणार आहे. मग वहीत पारशी नाव लिहायचं ठरतं. म्हणजे या ‘चोरी’ला वहीवाल्याची भागीदारी आहे! अकराव्या दिवशी डझनभर माणसं काठ्या घेऊन येतात. दोन मित्रांकडं जागा मागितली, दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. एक हिंदू, एक ख्रिस्ती. कामाठी बागेत वेळ काढून रात्रीच्या गाडीनं मुंबईला परत.

पुन्हा गुजरात, पुन्हा भाड्याची जागा, पुन्हा मार किंवा मार खाण्याची भीती. फरक लेखनाचा आहे. आंबेडकर एकही विशेषण जास्त वापरत नाहीत. भाडं किती, वाजले किती, माणसं किती. बागुलांचा नायक सजवून झाकतो, आंबेडकर मोजून उघडं करतात. आम्ही आता हे दोन मजकूर लागोपाठ वाचायला सांगतो, आणि आंबेडकरांचा आधी. त्यात वही कुणाची, काठी कुणाची, हे आधी दिसतं.

आणि अमेरिकेचं काय? नेला लार्सनची ‘पासिंग’ ही १९२९ सालची कादंबरी आता पुष्कळ विद्यापीठांत इंग्रजीच्या अभ्यासक्रमात असते, २०२१ मध्ये तिच्यावर चित्रपटही आला. दोघी मैत्रिणी. क्लेअर गोरी म्हणून राहते, तिनं गोऱ्या माणसाशी लग्न केलंय, नवऱ्याला पत्ता नाही आणि तो काळ्यांचा द्वेष्टा. आयरीन हार्लेममध्ये आपल्या लोकांत राहते, क्लेअरला नावं ठेवते. पण त्या दोघींची भेट होते कुठं? शिकागोच्या एका बड्या हॉटेलच्या गच्चीवर, जिथं आयरीन स्वतःच गोरी समजली गेल्यामुळं चहा पीत बसलेली असते. क्लेअरनं आयुष्यभर केलं ते आयरीन चहापुरतं करते. कादंबरी आयरीनच्या डोळ्यांनी सांगितलीय, त्यामुळं वाचक तिच्यावर विश्वास टाकून बसतो. शेवटी क्लेअर खिडकीतून पडते. पडली की ढकलली, लार्सन सांगत नाही.

आम्ही एकदा एम.ए.च्या मुलांपुढं या कादंबरीवर बोललो. काय बोलली मुलं! वर्णद्वेष, अस्मिता, शरीर, नजर. पुढच्या तासाला बागुल काढले, तर पंखा ऐकू यायला लागला. दूरची जखम बघायला सोपी असते. हार्लेमवर बोलताना आपली वाडी सांगावी लागत नाही. तुलना करूच नये असं आम्ही म्हणत नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, आंबेडकरांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइसना पत्र लिहिलं, १९७२ मध्ये दलित पँथरनं नाव तिकडूनच घेतलं. पण ते लोक आपल्या घराकडं नीट बघता यावं म्हणून तिकडं बघत होते. आमच्या वर्गांत बरेचदा घराकडं बघावं लागू नये म्हणून लार्सन शिकवली जाते. हे कटू वाटेल, पण आम्ही ते पाहिलंय आणि केलंयही.

तुलनेतून एक भेद मात्र हाती लागतो. लार्सनच्या जगात संकट डोळ्यांतून येतं. कातडीकडे बघून माणसं ठरवतात आणि फसतात. जात कातडीवर नसते. ती कळायला विचारावं लागतं. म्हणून जातीच्या कथेतली मूळ क्रिया बघणं नसून विचारणं आहे, आणि विचारण्यात आपण मराठी माणसं अत्यंत तयार आहोत. कोकणात तर आडनावानं काम भागत नाही. ‘कर’ सगळेच. मालगुंडकर म्हटलं तर तो कोण? आंबडवेकर हे आडनावसुद्धा मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावावरून आलेलं. कुळाचं आडनाव सकपाळ. ‘कर’ लागलं की गाव कळतं, माणूस सुटतो. मग पुढचा प्रश्न येतो, “मालगुंडात कुठं? कुठली वाडी?” झालं. वाडीच्या नावातच सगळं लिहिलेलं. राज्य सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला. पाट्या बदलतातही. पण “म्हणजे पूर्वीची कुठली?” हा प्रश्न शिल्लक आहेच.

पुढं आम्ही तास बदलला. कथा वाचण्याआधी प्रत्येकाला कोरी चिठ्ठी द्यायची, नाव लिहायचं नाही, आणि सांगायचं: ‘जात’ हा शब्द न वापरता जात कशी विचारतात, ते लिहा. कुणाचा अनुभव मागायचा नाही, प्रश्न मागायचे. चिठ्ठ्या डब्यात, आम्ही वाचून दाखवणार. काय काय आलं! पूर्ण नाव सांगा. मूळचे कुठले? तुमचे पाहुणे कुठल्या बाजूचे? कुलदैवत कोणतं? तुमच्यात मटण चालतं का? अ‍ॅडमिशन कितीवर मिळाली? चौदा एप्रिलला सुट्टी घेणार का? घरात कुणाचे फोटो आहेत? एकानं लिहिलं होतं, ‘पाणी आणू का विचारतात आणि उत्तराची वाट बघतात’. त्या वर्गात एकही मूल अडलं नाही. वरचं, खालचं, मधलं. विचारणाऱ्याचं व्याकरण सगळ्यांना पाठ होतं, कुणी ते वापरून शिकलं होतं, कुणी झेलून. त्यानंतर बागुल वाचले की ‘त्यानं का लपवली’ असं कुणी चटकन म्हणत नाही.

हा उपाय रामबाण आहे असं मात्र समजू नका. एका वर्षी एक मुलगी तासानंतर येऊन म्हणाली, सर, चिठ्ठ्या ऐकताना सगळे हसत होते, मला हसता येईना आणि न हसणं दिसत होतं. यावर आमच्यापाशी उत्तर नव्हतं.

इथं आयदानची आठवण काढल्याशिवाय पुढं जाववत नाही. ऊर्मिला पवार याच जिल्ह्यातल्या, रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याच्या. ‘आयदान’ २००३ साली आलं. त्यात शाळेतला प्रसंग आहे. गुरुजी लहान मुलीला शेण काढायला लावतात, मारतात. ओटीवर आयदानं विणत बसलेली आई त्या गुरुजींना रस्त्यात गाठून जाब विचारते. आता केशवसुतांची ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ ही कविता आठवा. रस्त्यात खेळणाऱ्या मुलांना सावली पडेल म्हणून हुसकलं जातं, मूल घरी येऊन आईला विचारतं आणि आई जगाकडून ऐकलेलंच उत्तर देते: ते उंच, आपण खालचे. एका दामल्यांच्या मुलानं त्या काळात हे लिहिलं, याचं मोल आम्ही कमी करत नाही. पण त्या कवितेत प्रश्न मुलानं आईला विचारायचा आणि उत्तर आईनं द्यायचं, अशी रचना आहे. हुसकणारा निघून गेलेला असतो. ऊर्मिला पवारांच्या आईनं ही रचनाच मोडली. प्रश्न ज्याचा, त्याला नेऊन दिला. या दोन आया एका तासात शिकवाव्यात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाळेत तर नक्कीच.

आता सुरुवातीचं ‘आम्ही’. एव्हाना तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी आमची जात ताडली असेल. उच्चारावरून, कांटवरून, या ‘आम्ही’वरून. बरोबर ताडलीत, आम्ही ब्राह्मण. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवताना आम्ही ‘आपण विचार करतो’, ‘आपल्याला असं जाणवतं’ असं म्हणत आलो. तो ‘आपण’ कोण, हे कुणी विचारलं नाही. गोपाळ गुरू आणि सुंदर सारुक्काई यांचं ‘द क्रॅक्ड मिरर’ २०१२ मध्ये आलं, तेव्हा आम्ही निवृत्तीला आलो होतो. अनुभव एकाचा आणि सिद्धांत दुसऱ्याचा, ही वाटणी गुरूंना मान्य नाही. ते वाचताना आम्हाला तो मुलगा आठवला. त्यानं सिद्धांत मांडला होता. आम्ही त्याच्याकडं अनुभव मागितला. कांटला आम्ही कधी विचारलं नव्हतं, स्वानुभव का म्हणून.

चिठ्ठ्यांच्या शेवटच्या वर्षी डब्यात एक चिठ्ठी निघाली. तिच्यात प्रश्नाचा प्रकार नव्हता, सरळ प्रश्न होता: ‘सर, तुम्हाला कधी कुणी विचारली का?’ आम्ही ती मोठ्यानं वाचली नाही. अक्षर कुणाचं असेल म्हणून मात्र दोनदा बघितलं, आणि काय करतोय ते लक्षात आल्यावर घडी करून खिशात टाकली.

असो. वेळ संपत आलीय. संयोजकांनी मघाशी सूचना दिली होती, की प्रश्न विचारणाऱ्यानं उभं राहून आपलं पूर्ण नाव आणि गाव सांगावं. आजच्यापुरती ती सूचना मागे घ्यावी, अशी त्यांना विनंती आहे. बसल्या जागेवरून विचारा. माईक फिरेल.